ऑस्कर वाइल्ड : फिर्यादीचा आरोपी कसा झाला?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने एका वाचकाचं रद्द केलेलं कार्ड परत दिलं. वाचकाला जाऊन सव्वाशे वर्षं होत आलेली, म्हणून कार्ड घ्यायला त्याचा नातू आला. वाचकाचं नाव ऑस्कर वाइल्ड, इंग्रजीतला गाजलेला नाटककार. कार्ड रद्द झालं होतं जून १८९५ मध्ये. त्याने पुस्तक ढापलं नव्हतं की पान फाडलं नव्हतं. तो तुरुंगात होता, आणि शिक्षा झालेल्या माणसाला वाचनकक्षाचं दार बंद झालं.

आमच्या एका ग्रुपवर ही बातमी फिरली तेव्हा पहिला प्रश्न आला, "हे तेच ना, सुविचारवाले?" दुसरा आला, "पण केस तर यांनीच टाकली होती. मग आत हेच कसे गेले?"

दुसरा प्रश्न फार चांगला आहे. लंडनमधला सगळ्यात हजरजबाबी माणूस स्वतः फिर्याद घेऊन कोर्टात जातो आणि सात-आठ आठवड्यांत कैदी होतो, हे कोडं पडण्यासारखंच आहे. ते सोडवायचं तर आधी त्याचा विनोद समजून घ्यावा लागतो.

आधी माणूस कोण, ते

जन्म १६ ऑक्टोबर १८५४, डब्लिन. वडील सर विल्यम वाइल्ड डोळ्या-कानाचे नामांकित सर्जन. आई जेन 'स्पेरान्झा' या टोपणनावाने इंग्रजी सत्तेविरुद्ध कविता लिहायची. म्हणजे घरात पाहुण्यांची वर्दळ, गप्पांचे फड, आणि जोडीला राज्यकर्त्यांबद्दल अढी. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि मग ऑक्सफर्डला. ग्रीकमध्ये सुवर्णपदक, ऑक्सफर्डला कवितेचं मानाचं बक्षीस. पोरगा हुशार होता यात वाद नाही, पण आयरिश होता. लंडनच्या दिवाणखान्यांत त्याला बाहेरून आत शिरायचं होतं.

पुस्तक गाजण्याआधी माणूस गाजला. मखमली कोट, लांब केस, हातात फूल. त्याच्यासारख्या सौंदर्यवेड्या तरुणांची टिंगल करणारी संगीतिका लंडनमध्ये जोरात चालली, ती अमेरिकेत गेली, तेव्हा तिच्या निर्मात्याने वाइल्डलाच व्याख्यानं द्यायला तिकडे धाडलं. थट्टा कळायला मूळ नमुना बघितलेला बरा, हा हिशोब. १८८२ चं जवळजवळ अख्खं वर्ष तो तिकडे बोलत फिरला, चांदीच्या खाणीत उतरून मजुरांशीही बोलला. खाणीच्या त्या गावातल्या एका गुत्त्यात पियानोवर पाटी होती : 'कृपया पियानोवादकाला गोळी घालू नये, तो त्याच्या परीने उत्तम वाजवतो आहे.' कलासमीक्षेची एवढी समंजस पद्धत आपण दुसरीकडे पाहिली नाही, असं त्याने नंतर सांगितलं.

१८८४ मध्ये कॉन्स्टन्स लॉइडशी लग्न, दोन मुलगे. मुलांसाठीच्या गोष्टी १८८८ मध्ये, 'डोरियन ग्रे' ही एकुलती एक कादंबरी १८९० मध्ये मासिकात, आणि १८९२ पासून चार सामाजिक सुखात्मिका. १८९५ च्या सुरुवातीला त्याची दोन नाटकं लंडनमध्ये एकाच वेळी चालू होती.

तो विनोद चालतो कसा?

अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून आपण पाय टाकतो आणि पाय आधीच जमिनीवर आदळतो. वाइल्डचं वाक्य असंच असतं. सुरुवात ओळखीची, इतकी ओळखीची की शेवट आपण मनात पुरा करून टाकतो. तिथे तो पायरीच काढून घेतो.

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात, ही म्हण इंग्रजीतही आहे. वाइल्डचं पात्र म्हणतं, "घटस्फोट स्वर्गात ठरतात." एक शब्द बदलला, बाकी वाक्य तसंच, चेहराही तसाच गंभीर. किंवा, "मी मोह सोडून कशालाही तोंड देऊ शकतो." अशा छोट्या, टोकदार, उलट्या खोचलेल्या वाक्याला इंग्रजीत 'एपिग्रॅम' म्हणतात. आपण इथे त्याला खोचवाक्य म्हणू.

पण सुटी खोचवाक्यं म्हणजे फोडणीतून वेचलेली मोहरी. प्रसंगात बघायला हवीत. १४ फेब्रुवारी १८९५ ला रंगभूमीवर आलेल्या त्याच्या शेवटच्या नाटकात चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. पोहे नाहीत, बाकी सगळं आहे. मुलीची आई लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल काढून बसली आहे आणि जॅक नावाच्या स्थळाची उलटतपासणी चालू आहे.

"सिगारेट ओढता?"

"हो, कबूल करायला हवं, ओढतो."

"ऐकून बरं वाटलं. पुरुषाला काहीतरी उद्योग हवाच."

मग उत्पन्न, मग घर, घर चौकाच्या कुठल्या बाजूला. शेवटी, आईवडील आहेत? जॅक सांगतो, दोघांनाही गमावलंय. त्यावर बाई म्हणतात, "एक पालक गमावणं, मिस्टर वर्दिंग, हे दुर्दैव म्हणता येईल. दोन्ही गमावणं म्हणजे हलगर्जीपणा वाटतो." पुढे कळतं की जॅक हा तान्हेपणी व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडलेला आहे. स्थळ तिथेच बाद.

आपल्याकडे मुलगी दाखवताना जे प्रश्न विचारले जातात ते ऐकलेल्या कुणालाही लेडी ब्रॅकनेल परकी वाटणार नाही. ती विनोद करत नाही. ती अतिशय गंभीरपणे व्यवहार करते आहे. तिच्या वर्गात माणसाची किंमत ज्या फूटपट्टीने ठरते तीच तिने सरळ धरली आहे.

'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या नाटकाच्या नावातली गंमत मराठीत आणणं अवघड. 'अर्नेस्ट' हे नावही आहे आणि त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'मनापासून वागणारा' असाही होतो. समजा, दोन पोरी हट्टाला पेटल्या आहेत की लग्न करीन तर 'सुशील' नावाच्याच मुलाशी, आणि दोन थापाडे तरुण आपलं नाव सुशील असल्याची थाप मारताहेत. नाव सुशील, वागणं बघा. सगळं नाटक या एका थापेवर उभं आहे.

पण हे नुसते शब्दांचे खेळ नाहीत का?

ही शंका त्याच्या हयातीतही घेतली जायची. घटस्फोटाच्या वाक्याकडे पुन्हा बघा. १८५७ च्या इंग्लिश कायद्यानुसार नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. अशा समाजात 'घटस्फोट स्वर्गात ठरतात' हे वाक्य ऐकून प्रेक्षागृहातल्या काही बायका जरा वेगळ्या कारणाने हसल्या असतील, असं मला वाटतं.

आणि तो आयरिश होता हे इथे कामाला येतं. घरच्या माणसाला घरातले रीतिरिवाज दिसत नाहीत, पाहुण्याला दिसतात. इंग्रज स्वतःच्या तोंडाने जे बोलतात ते वाइल्ड त्यांनाच जरा मोठ्याने वाचून दाखवत होता. ते टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजत असेपर्यंत सगळं ठीक असतं.

पाच शब्द आणि एक चुकलेलं स्पेलिंग

१८९१ च्या सुमारास वाइल्डची ओळख लॉर्ड आल्फ्रेड डग्लसशी झाली. घरचं नाव बोझी, वाइल्डहून सोळा वर्षांनी लहान, देखणा, उधळा, तापट. दोघांचं नातं लंडनमध्ये उघड गुपित होतं. बोझीचे वडील क्वीन्सबेरीचे मार्क्वेस, म्हणजे मोठे सरदार, पोराहून तापट. मुष्टियुद्धाचे नियम आजही याच माणसाच्या नावाने ओळखले जातात, यावरून काय ते समजा.

त्या फेब्रुवारीत नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला हा गृहस्थ भाज्यांचा गुच्छ घेऊन गोंधळ घालायला आला होता. वाइल्डला आधीच कुणकुण लागली, दारावर पोलीस उभे राहिले, आणि सरदारसाहेब भाज्यांसकट थंडीत बाहेरच घुटमळत राहिले. चार दिवसांनी त्यांनी वाइल्डच्या क्लबात आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवलं. वर खरडलं होतं : वाइल्ड हा सोडोमाइट असल्याचा आव आणतो. समलिंगी संबंध ठेवणाऱ्यासाठीचा हा शिवीवजा शब्द, आणि त्याचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं.

मित्रांनी सांगितलं, कार्ड फाडून टाक. वकिलाने विचारलं, यात काही तथ्य आहे का? वाइल्ड म्हणाला, अजिबात नाही. बोझीला बापाला तुरुंगात बघायचंच होतं, तो मागे लागला. वाइल्डने अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि क्वीन्सबेरीला अटक झाली.

फिर्यादीच आरोपी कसा होतो?

समजा, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कुणीतरी लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरचे काका वीज चोरतात.' काका खवळले, कोर्टात गेले. लिहिणाऱ्याकडे वाचायचा एक मार्ग आहे, आपण लिहिलं ते खरं आहे आणि ते सांगणं लोकांच्या हिताचं होतं, हे सिद्ध करायचं. म्हणजे आता काकांचं मीटर कोर्टात उघडलं जाणार. आणि मीटरमध्ये खरंच फेरफार निघाला, तर लिहिणारा सुटतोच, वर तो सगळा पुरावा आयता वीज कंपनीच्या हातात पडतो.

वाइल्डचं नेमकं हेच झालं. क्वीन्सबेरीने खाजगी गुप्तहेर लावले, आणि वाइल्डने ज्यांच्याशी संबंध ठेवले, ज्यांना पैसे किंवा भेटवस्तू दिल्या, अशा तरुणांची यादी तयार झाली. त्यातही कार्डावरचा 'आव आणतो' हा शब्द क्वीन्सबेरीच्या सोयीचा ठरला. कृत्य सिद्ध करायची गरज नव्हती, तसा देखावा केला एवढं दाखवलं तरी भागत होतं.

आणि वीज कंपनीच्या जागी इथे १८८५ चा एक फौजदारी कायदा होता. त्याच्या ११ व्या कलमात दोन पुरुषांमधली 'घोर असभ्यता' हा गुन्हा ठरवला होता, शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. घोर असभ्यता म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरात, राजीखुशीने घडलेलंही त्यात येत होतं. लोक या कलमाला 'ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद' म्हणत. वाइल्डलाही त्याच्या पत्रांवरून आधी ब्लॅकमेल झालंच होतं.

एक उत्तर जास्त झालं

३ एप्रिल १८९५ ला ओल्ड बेली कोर्टात खटला उभा राहिला. उलटतपासणीला क्वीन्सबेरीचे वकील एडवर्ड कार्सन, वाइल्डच्याच काळातले ट्रिनिटीचे विद्यार्थी. पहिला टोला वयावर. वाइल्डने वय ३९ सांगितलं होतं, कार्सनने जन्मतारीख काढून ते ४० असल्याचं दाखवलं. बारीकशी गोष्ट, पण हा माणूस शपथेवरही सोयीचं बोलतो, हे ज्यूरीच्या मनात रुजलं.

तरी पहिला दिवस वाइल्डचाच वाटत होता. कार्सन कादंबरीतलं वाचून विचारतात, तुम्ही कधी एखाद्या तरुणाला वेड्यासारखं पूजलंय का? उत्तर, "मी स्वतःखेरीज कुणालाच पूजलेलं नाही." कोर्ट हसलं.

मग कार्सनने एका नोकर पोराचं नाव घेतलं. त्याचं कधी चुंबन घेतलं होतं का? इथे एका शब्दाचं उत्तर पुरे होतं. वाइल्ड म्हणाला, "छे छे, मुळीच नाही. तो फारच सामान्य दिसणारा पोरगा होता."

पायरी काढून घ्यायची सवय. या वेळी पाय त्याचा स्वतःचा होता. कार्सन त्या वाक्याला चिकटून बसला. तो दिसायला सामान्य होता म्हणून नाही घेतलंत? मग रूपाचा उल्लेख का केलात? का? पुन्हा, का? आणि खोचवाक्यांचा बादशहा अडखळला. शेवटी म्हणाला, तुम्ही मला डिवचता, अपमान करता, गोंधळवता, अशा वेळी माणूस जिथे गंभीरपणे बोलायला हवं तिथे उथळपणे बोलून जातो.

ग्रुपवरच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर मीटरच्या उदाहरणात येऊन गेलं. खरं उत्तर मला या क्षणात दिसतं. सुरक्षित वाक्य आणि सुंदर वाक्य यांत निवड करायची वेळ आली की वाइल्डचा हात आयुष्यभर सुंदर वाक्याकडे गेला. त्या हातानेच नाटकं लिहिली.

५ एप्रिलला फिर्याद मागे घेतली. क्वीन्सबेरी सुटला, आणि त्याच्या वकिलांनी सगळे कागद त्याच दिवशी सरकारी अभियोक्त्याकडे पाठवले.

मग तो पळाला का नाही?

फ्रान्सला जाणारी बोट गाठायला त्याच्याकडे काही तास होते. मित्र विनवत होते. तो हॉटेलच्या खोलीत बसून राहिला आणि संध्याकाळी पोलीस आले.

कारणं अनेक सांगितली जातात : हट्ट, बधिरपणा, आपल्याला कुणी हात लावणार नाही ही मस्ती. आईचंही एक कारण आहे. पहिल्या फौजदारी खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, मे महिन्यात तो जामिनावर बाहेर होता, तेव्हाही पळून जाता आलं असतं. आईने त्याला सांगितलं की थांबलास, अगदी तुरुंगात गेलास, तरी तू माझा मुलगा आहेस, पण पळालास तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. आयरिश कवी येट्सने हे लिहून ठेवलंय. इंग्रजांच्या कोर्टातून पळायचं नाही, हा त्या घरातला जुना पाठ असावा.

२५ मे १८९५ ला दोन वर्षं सक्तमजुरी सुनावली गेली. "आणि मी? मला काहीच बोलता येणार नाही का, न्यायमूर्ती?" असं तो म्हणाल्याचं सांगतात. न्यायाधीशाने हातानेच पहारेकऱ्यांना खूण केली.

म्हणजे तो हुतात्मा?

आज त्याचं चित्र तसं रंगवलं जातं, आणि कायदा अन्यायाचा होता हे निर्विवाद. पण कोर्टात आलेले बरेच तरुण गरीब होते, काही अगदी कोवळे, काही पैशासाठी आलेले. वय आणि पैसा दोन्ही वाइल्डच्या बाजूला होतं. समान वयाच्या दोघांची प्रेमकथा एवढंच ते नव्हतं. कॉन्स्टन्सची बाजू तर बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. राहत्या घरातलं सामान लिलावात गेलं, त्यात मुलांची खेळणीही गेली. तिने मुलांना घेऊन देश सोडला आणि आडनाव बदलून हॉलंड केलं. १८९८ मध्ये जिनोआत, चाळिशीच्या उंबरठ्यावर ती वारली. वाइल्डला मुलं पुन्हा कधीही भेटली नाहीत. ते कार्ड घ्यायला आलेल्या नातवाचं नाव मर्लिन हॉलंड आहे, ते यामुळे.

तुरुंगात विनोदाचं काय झालं?

पहिल्या महिन्यात दिवसाला सहा तास ट्रेडमिल, म्हणजे न संपणाऱ्या पायऱ्या तुडवायच्या. झोपायला फळी. नंतर डांबर लागलेल्या जुन्या दोरखंडांचे पीळ नखांनी उकलत बसायचं काम. जून १८९५ मध्ये एकीकडे लायब्ररीने कार्ड रद्द केलं, आणि त्याच महिन्यात हॉल्डेन नावाचे एक खासदार कोठडीत येऊन त्याला भेटले व वाचायला पुस्तकं मिळवून दिली.

नोव्हेंबरात त्याला रेडिंगच्या तुरुंगात हलवताना क्लॅपहॅम जंक्शनच्या फलाटावर बेड्या घालून, कैद्याच्या कपड्यांत अर्धा तास उभं केलं. दुपारी २ ते २:३०. लोक बघून हसले. कोण आहे ते कळल्यावर आणखी हसले. पुढचं वर्षभर रोज त्याच वेळी, तेवढाच वेळ आपण रडायचो, असं त्याने लिहिलंय. हे त्याने बोझीला उद्देशून लिहिलेल्या लांबलचक पत्रात आहे. १८९७ च्या सुरुवातीला, तुरुंगाच्या निळ्या कागदावर, चांगल्या मनाच्या एका तुरुंगाधिकाऱ्याच्या परवानगीने. या पत्रात खोचवाक्यं जवळजवळ नाहीत. वाक्यं लांब, थकलेली, मध्येच धारदार.

१९ मे १८९७ ला तो सुटला. त्याआधी काही दिवस त्याने मार्टिन नावाच्या पहारेकऱ्याला चिठ्ठी दिली होती : सशांसाठी फासे लावले म्हणून आत टाकलेल्या त्या लहान मुलांची नावं काय, दंड किती, मी भरला तर सुटतील का? सुटत असतील तर उद्याच सोडवतो. त्या मुलांतलं सगळ्यात लहान पोर भुकेनं रडत होतं म्हणून मार्टिनने त्याला काही बिस्किटं दिली आणि तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली. बाहेर आल्या आल्या वाइल्डने याबद्दल वर्तमानपत्राला लांबलचक पत्र लिहिलं. पुढे फाशीच्या कैद्यावरचं त्याचं दीर्घकाव्य १८९८ मध्ये छापून आलं, कवीच्या नावाच्या जागी 'सी. ३. ३.', म्हणजे त्याच्या कोठडीचा नंबर.

आणि ते सुविचार?

'स्वतःसारखे व्हा, बाकी सगळ्यांच्या जागा भरलेल्या आहेत' हे त्याच्या नावावर जगभर फिरणारं वाक्य त्याच्या लिखाणात सापडत नाही. अमेरिकेच्या कस्टम्सवर 'माझ्या प्रतिभेशिवाय जाहीर करण्यासारखं माझ्याकडे काही नाही' म्हणाल्याची गोष्टही त्या वेळच्या बातम्यांत नाही, ती तो वारल्यानंतर छापली गेली. आपल्याकडे चतुर उत्तर बिरबलाच्या खात्यावर जमा होतं, तसंच हे. साधी खूण सांगतो : वाक्य वाचून फार बरं वाटलं, उभारी वगैरे आली, तर ते बहुधा वाइल्डचं नाही.

आपलं ३७७ म्हणजे हाच कायदा का?

नाही, घोटाळा इथे होतो. भारतातलं कलम ३७७ हे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंडविधानातलं, वाइल्डच्या कायद्याहून जुनं. पण गोत्र एकच, व्हिक्टोरियन इंग्लंडचं. इंग्लंड-वेल्समध्ये प्रौढ पुरुषांचे खाजगीतले, संमतीचे संबंध १९६७ मध्ये गुन्ह्यातून वगळले गेले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला. तो आला तेव्हा मुंबईत रस्त्यावर नाचलेल्या पोरांपैकी किती जणांना क्लॅपहॅमचा फलाट माहीत असेल, कोण जाणे. माहीत असायलाच हवा असंही नाही.

वाइल्ड ३० नोव्हेंबर १९०० ला पॅरिसच्या एका स्वस्त हॉटेलात वारला, वय ४६. कानाचं दुखणं मेंदूपर्यंत गेलं होतं. काही आठवडे आधी तो भेटायला आलेल्या एकीला म्हणाला होता, "मी आणि हा भिंतीवरचा कागद, आमचं मरेपर्यंत द्वंद्व चाललंय. दोघांपैकी एकाला जावंच लागेल." म्हणजे सवय सुटली नव्हती.

निळ्या कागदावरचं ते पत्र त्याच्या मित्राने १९०९ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलं, पन्नास वर्षं उघडायचं नाही या अटीवर. लायब्ररी तेव्हा म्युझियमचाच भाग होती. म्हणजे ज्या संस्थेने त्याचं वाचक कार्ड रद्द केलं होतं, तिच्याच कपाटात ते जाऊन बसलं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. नव्या कार्डावर वाइल्डचं नाव आहे आणि मुदत संपल्याची तारीख छापली आहे : ३० नोव्हेंबर १९००.